‘येतंय’चं बटण

आरोही सारंग काय काम करते हे मिठबावात कुणालाच धड सांगता येत नसे. तिची आई हिरा तर त्या फंदातच पडत नसे. बाजारात माशांची टोपली मांडून बसलेली असताना कुणी विचारलंच, तर सुरमईचे तुकडे पाडता पाडता ती सांगे, "चेडू कंप्युटरार फुडे-फुडे करता." झालं! पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करणारी, इंग्रजीत मीटिंगा घेणारी पोरगी गावात ‘फुडेवाली’ झाली. आमच्याकडे एकदा नाव पडलं की लग्न होऊन आडनाव बदललं तरी ते सुटत नाही.

तसं हिराचं काही चुकत नव्हतं. आपण फोनवर एस.टी.चं तिकीट काढतो. एक पान विचारतं कुठून कुठे, त्याच्या पुढचं विचारतं कुठली जागा, मग नावगाव, मग पैसे. दाबणाऱ्याला वाटतं पानं आपोआप येतात. आपोआप काही येत नाही. कुठल्या पानामागून कुठलं पान यायचं, माणूस अर्ध्यात उठून गेला तर भरलेलं ठेवायचं की पुसायचं, रेंज गेली तर परत कुठून सुरू करायचं, घाईने बटण दोनदा दाबलं तर दोन तिकिटं निघू नयेत म्हणून काय करायचं, हे सगळं कुणीतरी डोकं खाजवून बांधलेलं असतं. आरोही ते बांधत असे. विम्याची पानं, दवाखान्याच्या नंबराची पानं, हॉटेलातल्या खोल्यांची पानं. एका पानावर एकच प्रश्न, हा तिचा नेम. आणि प्रत्येक पानावर ‘पुढे’च्या शेजारी ‘मागे’ हवंच, हा हट्ट. माणूस चुकणार, त्याला लाज न वाटता मागे येता आलं पाहिजे, असं ती कंपनीतल्या मोठ्यांनाही ठणकावून सांगे.

वडील काविळीने गेले तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. तिला वाढवलं ते काकाने, बाबलीने. बाबली सारंग म्हणजे बापाचा धाकटा भाऊ, एका छोट्या होडीचा मालक, ती हाकणारा तांडेल आणि खलाशी, तिन्ही एकटाच. त्याला आणि सावित्रीला मूल नव्हतं. घरं एकमेकांना लागून, मधे फक्त दगडांचा गडगा, आणि त्या गडग्यालाही आरोहीच्या येण्याजाण्याने खिंड पडलेली. बाबली बोलायला लागला की थांबत नसे, पण मायेचं बोलायची वेळ आली की दर्याकडे बघत बसे.

ती पहिल्यांदा पुण्याला निघाली तेव्हाची गंमत गावात अजून सांगतात. बॅग गाडीत चढवून बाबली खाली उभा. आरोही पायरीवर चढली आणि शहरी पोरींसारखी हात हलवत म्हणाली, "काका, जाते हां." बाबलीने कंडक्टरला सरळ थांबवलं.

"जाते काय म्हणतंस? खाली उतर."

ती उतरली. गाडीतली माणसं बघत होती.

"आता परत चढ, आणि नीट सांग."

"येतंय काका," ती म्हणाली आणि लाजून चढली. मग कुठे त्याने गाडीच्या पत्र्यावर थाप मारली.

दर्यावर पोट असलेल्या घरात निघताना ‘जातंय’ म्हणत नाहीत. जाणारा ‘येतंय’ म्हणतो आणि पाठ फिरवतो. हे आरोहीला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? तिला तर ते गाडीभर माणसांसमोर शिकवलेलं होतं.

पुढे घरून काम करायची सोय झाली तशी ती परत आली आणि इथेच राहिली. सकाळी माडाखाली खुर्ची टाकून बसायची, दुपारी आईच्या टोपलीतलं उरलेलं तळून खायची. दिवस बरे चालले होते. अशात शेजारच्या गावची एक होडी इंजिन बंद पडून वाहत गेली आणि पार दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला पत्ताच नव्हता. माणसं वाचली, पण सगळ्या किनाऱ्याने धसका घेतला. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन बाळा धुरी एक दिवस हिराच्या पडवीत येऊन बसले. एरवी आमच्यासारखंच बोलणारे बाळा सोसायटीचं काम निघालं की शुद्ध मराठीवर येतात.

"आरोही, तुम्ही जगाची पानं बांधता. आमची बांधा," ते म्हणाले. "होडी कधी गेली, कधी आली, एवढं कळलं पाहिजे. दिवेलागणीपर्यंत जो आला नाही, त्याच्या नावाने भोंगा वाजला पाहिजे."

आरोहीला आनंद झाला. खोटं कशाला बोला, अभिमानही वाटला. आजवर तिने बांधलेल्या पानांवरून कोण कुठे गेलं ते तिला कधी दिसलं नव्हतं. ही पानं तिच्या घरासमोरून जाणार होती.

काम करायची तिची एक तऱ्हा होती. बांधायच्या आधी ती पानं कागदावर काढी, जमिनीवर ओळीने मांडी आणि कुणालातरी त्यावरून चालायला लावी. चालणारा जिथे अडखळेल, तिथे पान चुकलं. या वेळी तिने कागद घरापुढच्या खळ्यात मांडले आणि बाबलीला उभं केलं.

"काय गो बाय, आता दर्यार जावक पण तुझी परवानगी होई?" असं कुरकुरत तो पहिल्या कागदावर चढला. होडी कुठली? सोबत कोण? खंय जातंस, उत्तरेक की दक्षिणेक? तो उत्तरं देत एकेक कागद पुढे सरकला. गडग्यापलीकडून सावित्री पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटच्या कागदाशी आरोहीने त्याला थांबवलं.

"आता समज तू दर्यात आसंस. जाळा ओढून झाला, होडी वळवलंस. घराकडे काय सांगशीत?"

बाबलीला विचार करावा लागला नाही. रोज तो होडीतून सावित्रीला फोन करून जे सांगे तेच त्याने कागदावर उभं राहून ओरडून सांगितलं, "येतंय गो, भात टाक!"

सगळे हसले. आरोहीने त्या कागदावर बटण काढलं आणि त्यात लिहिलं, ‘येतंय’. ‘परतीची नोंद करा’ असलं सरकारी काही लिहिण्यापेक्षा हे किती बरं! परतताना माणूस ते दाबेल, होडी ‘बंदरात’ अशी दिसेल, आणि चेअरमनच्या व तिच्या फोनवरचा दिवेलागणीचा भोंगा गप्प राहील. दिशा भरली की हेच पान समोर येऊन परतेपर्यंत तसंच राहणार होतं, म्हणून त्यावर वरती तिने आपल्या मनाने एक ओळ घातली, ‘सांभाळून जा.’ माणूस दर्यावर निघालाय, कुणीतरी म्हणायला नको का? आणि या एकाच पानावरून तिने ‘मागे’ काढून टाकलं. ओल्या बोटांना मोठं बटण हवं, शेजारी दुसरं असलं तर भलतंच दाबलं जाईल, हे कारण बाबलीच्या जाड अंगठ्याकडे बघून तिला सुचलं होतं.

पानं चालू झाली. आधी लोकांनी नाकं मुरडली, मग सवय झाली. सोसायटीच्या भिंतीवर टीव्ही लावला. त्यावर प्रत्येक होडीच्या नावापुढे ‘दर्यात’ किंवा ‘बंदरात’. वेळा दाखवल्या तर गर्दी होते, वाचायला त्रास होतो, म्हणून आरोहीने त्या काढल्या होत्या. भोंगा कधी वाजलाच नाही. बाळा धुरी बाहेरच्या गावांतून माणसं आणून तो टीव्ही दाखवत. आरोहीने एकदा आत जाऊन नोंदी पाहिल्या तेव्हा तिला दिसलं की बरेच जण निघाल्याची आणि परतल्याची नोंद पाठोपाठ करतात. ती मनात हसली. आळशी मेले, संध्याकाळी घरी आल्यावर सगळं एकदम दाबत असतील. दर्यात रेंज नसते तेव्हा नोंद फोनमध्ये थांबून मागाहून येई, त्यामुळे नोंदीच्या वेळेवर तिचा तसाही भरवसा नव्हता. तिने तो विषय सोडला.

हिराला मात्र आराम पडला. पूर्वी दिवस कलला की ती काहीतरी निमित्त काढून किनाऱ्यावर चक्कर टाकी, दिराची होडी वर ओढलेली दिसली की परत येई. आता ती चुलीपाशी बसूनच विचारी, "बाबली इलो काय गो?" आणि आरोही फोन बघून सांगे, "इलो."

ऑक्टोबरातली गोष्ट. सावित्रीची बहीण इन्सुलीला असते, तिचं ऑपरेशन झालं म्हणून सावित्री तिकडे गेली होती. बाबलीबरोबर कधीमधी जाणारा सोबती पर्यटकांच्या बोटीवर लागला होता, म्हणून तो एकटाच गेला. दुपारनंतर वारा फिरला. फार नाही, खिडक्या आपटण्याइतका. संध्याकाळी हिराने भात वाढायला घेतला आणि विचारलं, "बाबली इलो?"

आरोहीने फोन बघितला. "बंदरार आसा."

"मगे जेवक कित्याक येवक नाय?"

"शिवाकडे बसलो आसतलो गप्पा मारीत. झाकून ठेव."

हिराने ताट झाकून ठेवलं. दाराकडे जाऊन ती क्षणभर उभी राहिली, किनाऱ्याच्या दिशेने बघितलं, आणि परत आत आली. लेकीच्या फोनवर तिचा विश्वास होता.

सकाळी ताट तसंच होतं. हिरा पदर खोचून धावत किनाऱ्यावर गेली. बाबलीची होडी जागेवर नव्हती. वाळूत तिची खूणही नव्हती, नुसते ओंडके पडलेले, ज्यांवरून ती काल ढकलली होती. हिराने जी आरोळी मारली ती आरोहीला घरात ऐकू आली.

सगळ्या होड्या सुटल्या. सरकारी बोटही आली. दुपारी शिवाला, म्हणजे बाबलीच्या बरोबरीच्या जुन्या तांडेलाला, खडकांच्या बाजूला होडी उलटी सापडली. आणखी पुढे बर्फाची पेटी तरंगत होती. पेटीला दोरी बांधून तिचा फास केलेला होता, माणसाच्या काखेतून जाईल एवढा. गाठ बाबलीची होती, तशी गाठ दुसरं कुणी मारत नाही. फास रिकामा होता. शिवाने ती पेटी किनाऱ्यावर आणून ठेवली आणि घरी गेला. त्या दोरीचा अर्थ सगळ्यांना कळला. बाबली बुडाला तो लगेच बुडाला नव्हता. तो बराच वेळ धरून होता, कुणीतरी येईल म्हणून.

बाबली सापडला नाही, त्यानंतरही नाही.

आरोहीने पानं तपासली. एकेक ओळ, एकेक वाट. चूक सापडली असती तर तिला बरं वाटलं असतं, पण पानं बिनचूक होती. बाबलीची नोंद तिच्यासमोर होती: होडी, एकटा, दक्षिणेक, आणि लगोलग ‘येतंय’. त्यानेच दाबलेलं. होडी अजून कमरेएवढ्या पाण्यात असेल तेव्हाचं. लोक म्हणाले, चुकून दाबलं गेलं असेल, ओला हात होता, तुझा काय दोष. तिने मान डोलावली. पण बाबली गाठ मारताना चुकत नसे आणि बटण दाबताना चुकला, हे तिला पटेना. तिची झोप उडाली, जेवण तुटलं.

मग होड्या परत दर्यावर जायला लागल्या. पोट कुणाला सुटलंय? एका सकाळी आरोही उठून किनाऱ्यावर गेली आणि वाळूवर बसली. शिवा आपली होडी ढकलत होता. होडी तरंगली तसा त्याने गळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून फोन काढला. अंगठ्याने एकेक पान पुढे केलं. शेवटच्या पानाशी त्याने फोन जरा लांब धरला, मान हलवली, आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं त्या फोनला म्हणाला, "येतंय." मग बटण दाबलं.

आरोही पाण्यात धावत गेली. "शिवाकाका, ता आत्ताच कित्याक दाबलंस?"

शिवा गोंधळला. "मगे कधी दाबूचा?"

"परत येतास तेव्हा!"

"असां कसां? ता सांगता, सांभाळून जा म्हणान," शिवा म्हणाला. "मगे तेका काय तोंड फिरवन जावचा? सगळे येतंय म्हणतत."

पाणी तिच्या गुडघ्यांना लागत होतं. शिवा अजून काहीतरी बोलत होता, ते तिच्या कानांत शिरलं नाही. तिला पुण्याच्या गाडीची पायरी आठवली, खाली उभा असलेला बाबली आठवला, ‘परत चढ आणि नीट सांग’ आठवलं. खळ्यात तिने त्याला परतीच्या कागदावर उभं केलं होतं. निघतानाचा माणूस तिने उभाच केला नव्हता, कारण खळ्यातून कोण कुठे निघतो? आणि ‘सांभाळून जा’ ही ओळ तिने स्वतःच घातली होती, मायेपोटी. तिच्या मायेला काकाने रीतसर उत्तर दिलं होतं. ती तिथेच पाण्यात बसली आणि मोठ्याने रडली. दोघा-तिघांनी तिला धरून घरी आणलं.

मग तिने पानं बदलली. ‘सांभाळून जा’च्या खाली ‘येतंय’ तसंच ठेवलं, पण आता त्याचा अर्थ निघालो असा केला. त्यापुढे नवं पान घातलं. त्यावर प्रश्न, ‘इलास?’ आणि खाली बटण, ‘इलंय’, म्हणजे आलो. जुन्या नोंदीही या नव्या वाटेत बसवाव्या लागल्या. आजवर ज्यांनी ‘येतंय’ दाबलं होतं ते सगळे आता नुसते निघालेले ठरले. ते डोळ्यांसमोर हिंडत-फिरत होते, त्यांच्या नावापुढे तिने स्वतः ‘इलंय’ करून टाकलं. एक नोंद उरली.

त्या दिवशी दिवेलागणीला पहिल्यांदाच भोंगा वाजला. ‘बाबली सारंग अजून येवक नाय.’

दुसऱ्या दिवशीही वाजला. तिसऱ्या दिवशी बाळा धुरी पडवीत येऊन बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण भाषा सोसायटीचीच होती. "आरोही, तुम्हाला कुणी बोल लावत नाही. पण ती नोंद बंद करून टाका. रोज भोंगा वाजतो, घरात सगळे दचकतात."

बंद करायची म्हणजे ‘इलंय’ दाबायचं. दुसरं बटण तिने केलेलंच नव्हतं. नोंद पुसून टाकायला तिला एक ओळ पुरली असती, पण ती ओळ लिहायला तिचा हात होईना. वेगळं बटण करायचं तर त्यावर काय लिहायचं? तिने ‘गेलो’ लिहून बघितलं आणि लगेच पुसलं. शेवटी तिने चेअरमनच्या फोनवरचा भोंगा बंद केला, आपला तसाच ठेवला, आणि तो फोन घेऊन संध्याकाळी गडग्याच्या खिंडीतून सावित्रीकडे गेली.

सावित्री चुलीपाशी बसली होती. हातात हिरव्या बांगड्या होत्या. त्या काढायचं कुणी तिला अजून सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. आरोहीने तिला सगळं सांगितलं. बटण, ओळ, भरवशावर झाकून ठेवलेलं ताट, काहीच लपवलं नाही. ऐकता ऐकता सावित्रीने चुलीतलं लाकूड एकदा पुढे सारलं.

"माका ता दाखय," ती शेवटी म्हणाली.

आरोहीने पान उघडून फोन तिच्या हातात दिला. वर नाव होतं, बाबली सारंग. खाली ‘इलास?’ आणि त्याखाली ते एकच मोठं बटण. सावित्रीने ते बराच वेळ बघितलं. बटणाला बोट लागू नये म्हणून तिने फोन कडेने धरला होता.

"ह्येच्यात मागे जावचा बटण नाय?" तिने विचारलं. "तू सगळ्यांका घालतंस मा?"

"सगळ्यांका घालतंय काकी," आरोही म्हणाली. "ह्या पानार घालूक नाय."

सावित्रीने फोन चुलीजवळच्या फळीवर ठेवला. तेवढ्यात दिवेलागणी झाली आणि भोंगा वाजायला लागला. आरोहीने घाईने हात पुढे केला, पण सावित्रीने तिचं मनगट धरलं.

"वाजांदे," ती म्हणाली. "येतंय म्हणान गेलो हा तो."

ती तांदूळ धुवायला उठली. भोंगा आपणहून थांबेपर्यंत दोघींपैकी कुणीच फोनला हात लावला नाही.